चौदाच नावं दिसतायत

आज संध्याकाळी साडेपाचला फोंड्याहून फोन आला. एका पतसंस्थेत कॅशवर बसणारी मावशी, त्यांचं सॉफ्टवेअर गेली अकरा वर्षं मीच सांभाळतो. "पुता, हांगा फकत चवदा नांवां दिसतात, उरिल्लीं खंय गेलीं?" माझ्या पोटात गोळाच आला. पिग्मीचे, म्हणजे एजंटकडे रोज थोडे थोडे पैसे भरणारे, तीनशेवर खातेदार, एजंट दिवसभराचं कलेक्शन घेऊन समोर उभे, आणि यादीत चौदा नावं! डेटाबेस उडाला की काय म्हणून धडपडत रिमोटवरून मशीन उघडलं तर सगळी नावं जागच्या जागी. नव्हता तो फक्त स्क्रोलबार, यादी वर-खाली सरकवायची ती उजवीकडची पट्टी. म्हणजे होता, पण माउस उजव्या कडेला नेला तरच उगवणारा, केसाएवढा, पांढऱ्यावर फिकट करडा. परवाच नवीन व्हर्जन टाकलं होतं, नव्या लायब्ररीवर, म्हणजे बटणं-याद्यांच्या तयार कोडवर, बांधलेलं, कारण मॅनेजरना "मॉडर्न लुक" पाहिजे होता.

चाक फिरवायचं ना माउसचं, असं म्हणू नका. ती वीस-बावीस वर्षं खालच्या बाणावर क्लिक करत आलीय आणि तिचं काम कधी अडलं नाही. बाण आम्ही काढून टाकले. तिला विचारलं कोणी?

स्क्रोलबार ही शोभेची वस्तू नाही हो. खाली अजून काही आहे की संपलं हे तो न बोलता सांगतो. विंडोज ९५ पासून तर त्या मधल्या ठोकळ्याची लांबीही यादीच्या प्रमाणात बदलायला लागली, ठोकळा छोटा दिसला की समजायचं यादी लांब आहे, हात न लावता, नुसतं बघून. इतकी शहाणी गोष्ट. आणि २०११ मध्ये मॅकने ती लपवायला सुरुवात केली, मग हळूहळू सगळ्यांनी लपवली, कशासाठी तर स्क्रीन "स्वच्छ" दिसावी. अरे, कोणाच्या डोळ्यांना स्वच्छ? मावशीच्या स्क्रीनवर आज इतकी स्वच्छता होती की तिचे खातेदारच दिसेनात!

बटणांचंही तेच. ते जुनं करडं बटण आठवा. वरच्या आणि डाव्या कडेला पांढरी रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला काळपट, एवढंच. उजेड वरून पडतो हे आपले डोळे धरूनच चालतात, म्हणून ते बटण वर आलेलं दिसायचं. दाबलं की रेघा उलटायच्या आणि ते आत गेल्यासारखं वाटायचं. चार रेघांचं काम, त्यासाठी ना ग्राफिक्स कार्ड लागायचं ना मॅन्युअल. मग २०१२ ला विंडोज ८ आलं, २०१३ ला आयफोनचं आयओएस ७, आणि सगळं सपाट. आता अक्षरं कुठली आणि बटण कुठलं हे क्लिक करून बघायचं. कॅश काउंटरवर, दुसऱ्याच्या पैशात, कोण असं क्लिक करून बघेल?

बरं, फोनवर बोटाने सरकवायचं असतं, तिथे जागा कमी, तिथे स्क्रोलबार लपवला तर समजू शकतो. आणि जुनं सगळंच सुंदर होतं असंही नाही, पन्नास आयकॉनचे टूलबार मीही शिव्या देत वापरलेत. पण मावशीच्या टेबलावर फोन नाही, अठरा इंची मॉनिटर आहे आणि माउस आहे!

आणि ते ऑन-ऑफचे टॉगल, ते तर नकोच. आमच्या घरी जुने काळे गोल स्विच होते, नाक खाली म्हणजे दिवा चालू, आजी अंधारात चाचपून लावायची. टॉगलची गोळी उजवीकडे सरकलेली आणि शेजारी लिहिलंय "बंद", तर आता बंद आहे की दाबल्यावर बंद होणार? चेकबॉक्समध्ये टिक असायची नाहीतर नसायची, विषय संपला.

लिहिता लिहिता परत तो फोन आठवतोय. कारण राग मला नावांचा नाही आला. यादी परत दिसल्यावर ती हळूच म्हणाली, "म्हाका आतां हें जमना रे पुता." ही बाई भर पावसात लाईट गेली की मेणबत्ती लावून रोजकीर्द हाताने जुळवते, पैशाचा फरक येत नाही. फोन करायच्या आधी अर्धा तास तिने जुनं रजिस्टर काढून नावं एकेक करून ताडून बघितली होती. चूक आमची, आणि ती समजतेय की आपलंच वय झालं. मला काही बोलताच येईना. "मावशी, तुमचं काही चुकलं नाही" म्हटलं, तर "बरें बरें" म्हणाली, पण तिला ते पटलेलं नव्हतं.

आता कोणीतरी लिहिणारच की "सेटिंग आहे ना, स्क्रोलबार नेहमी दाखवा म्हणून." आहे, विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या आत, व्हिज्युअल इफेक्ट्सच्या आत. ज्याला नीट दिसत नाही त्याने ते शोधायचं! वेबसाठी तर २०१८ पासून लेखी नियम आहे, बटण किंवा चौकट ज्या कडांवरून ओळखायची त्यांचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदातला फरक, किमान ३:१ पाहिजे. आमच्या त्या नव्या स्क्रोलबारचा आत्ता मोजला, नापास. हे टाकायच्या आधी मी मोजायला हवं होतं. डेमोत छान दिसलं, सगळ्यांनी मान डोलावली, मीही डोलावली.

आणि २०२५ मध्ये ॲपलने लिक्विड ग्लास आणलं, बटणंच काचेची. मागचं पुढे दिसतं, पुढचं मागे मिसळतं. लोक बघून वा वा करतायत, आणि आता आमच्याकडेही कोणीतरी तेच मागणार, मला आत्तापासून धडकी भरलीय.

उद्या पहिल्या बसने फोंड्याला जातोय. सतरा पिक्सेलचा स्क्रोलबार, गडद करडा, वर-खाली बाण असलेला, कायम दिसणारा. बटणांना कडा. मॅनेजरना जुनाट वाटलं तर त्यांच्याशी मी बोलेन. पिग्मीवाले यायच्या आधी मावशीच्या शेजारी खुर्ची टाकून बसणार, आणि शेवटच्या नावापर्यंत तिलाच जायला सांगणार.