बोस्टनचा 'महापौरांचा माणूस' आणि चोवीस तासांत बुजणारा खड्डा

दोन-तीन महिन्यांपासून एक मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. परवा तोच मेव्हण्याने मला पाठवला, खाली पुस्ती जोडून: 'भाऊजी, तुम्ही तिथे राहून आलात. सांगा आता!' मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत बोस्टनच्या महापौरांनी प्रत्येक वस्तीत आपला एक अधिकारी नेमलाय. खड्डा, कचरा, पार्किंग, काहीही असो, त्याला फोन करा, चोवीस तासांत काम. राजकारण अजिबात नाही. नगरसेवकाच्या पाया पडायची गरजच नाही. आपल्या महापौरांना एवढी साधी गोष्ट सुचत नाही का?

मी एका महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, पथ विभागात कनिष्ठ अभियंता होतो. निवृत्त झाल्यावर दोनदा सहा-सहा महिने लेकीकडे बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात राहून आलो. तेव्हा खड्डा आणि डॉर्चेस्टर या दोन्ही विषयांवर बोलायचा थोडा हक्क आहे, असं मी धरून चालतो.

'प्रत्येक वस्तीत एक अधिकारी'

हे बरोबर आहे. बोस्टनच्या सिटी हॉलमध्ये 'ऑफिस ऑफ नेबरहुड सर्व्हिसेस' नावाचं खातं आहे आणि त्यातले लिएझन वस्त्या वाटून घेतात. आपण त्यांना संपर्क अधिकारी म्हणू. हैतीहून, व्हिएतनामहून, केप व्हर्देहून आलेल्या लोकांसाठीही वेगळे लिएझन नेमले गेले आहेत. बहुतेक जण तिशीच्या आतले, पायाला भिंगरी लावल्यासारखे. संध्याकाळी रहिवासी संघाची सभा, सकाळी दुकानाचं उद्घाटन, आणि रात्री कुठे आग लागली तर बेघर झालेल्या कुटुंबांची सोय लावायची धावपळ. हे शेवटचं काम मेसेजवाल्याला माहीतच नसावं. माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं.

'फोन करा, चोवीस तासांत खड्डा बुजतो'

खड्डा बुजवतं सार्वजनिक बांधकाम खातं. लिएझनच्या हाताखाली ना गँग, ना गाडी, ना डांबराचं पिंप. खड्ड्यासाठी 311 हा नंबर आहे. 2009 पासून फोनवरचं अ‍ॅप होतंच, 2015 मध्ये महापौरांच्या जुन्या हॉटलाइनच्या जागी 311 आला. तक्रार केली की नोंदीचा क्रमांक मिळतो, जसा आपल्याला आवक क्रमांक मिळतो. लिएझनला फोन केलात तर तो आधी विचारतो, 311 वर टाकलंत का? नसेल तर टाका, मग पाठपुरावा करतो. थोडक्यात, तो पाठपुराव्याचा माणूस.

आणि खड्ड्याचं म्हणाल, तर तिथल्या मार्च महिन्यात येऊन बघा. थंडीत भेगेत पाणी शिरतं, गोठून फुगतं, दुपारी वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. चार महिने हा खेळ चालला की रस्त्याची चाळण होते. गरम डांबराचे प्लांट कडाक्याच्या थंडीत बंद असतात, म्हणून कोल्ड मिक्सची, म्हणजे गरम न करता भरायच्या डांबरी मिश्रणाची, थिगळं मारतात. ती पुढच्या बर्फाच्या नांगराबरोबर उखडून येतात. आमच्या जुलैतल्या कामाची आठवण येऊन मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

मग हा माणूस करतो काय?

एक सभा सांगतो. लेकीच्या गल्लीत एका तीनमजली लाकडी घराच्या मालकाला मागे वाढीव बांधकाम करून आणखी दोन बिऱ्हाडं काढायची होती. तिथे अशी घरं ओळीने असतात, 'थ्री-डेकर' म्हणतात. नियमापेक्षा जास्त बांधायचं म्हणून झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं या नियमांच्या, अपील मंडळाची परवानगी हवी. त्याआधी 300 फुटांच्या आतल्या शेजाऱ्यांना नोटीस जाते आणि लिएझन त्यांची सभा घेतो. सभा झूमवर होती. लेकीचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, बाजूला वरणभाताचा कुकर, आणि पडद्यावर सोळा-सतरा चौकटी.

मालकाच्या वकिलाने नकाशे दाखवले. मग सुरू झालं पार्किंग. बर्फ उपसून मोकळी केलेली जागा तिथे लोक मोडकी खुर्ची नाहीतर ट्रॅफिकचा शंकू ठेवून धरतात. बर्फाची आणीबाणी उठल्यावर 48 तास महापालिका ते चालवून घेते. एक आजी त्याच मुद्द्यावर अडून बसल्या: आणखी दोन बिऱ्हाडं म्हणजे आणखी दोन खुर्च्या, मग मी गाडी लावू कुठे? एका तरुणाने सुनावलं, तुम्हाला गाडीला जागा हवी, आम्हाला राहायला. आजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लिएझन पोरगी पंचविशीची असेल. ती एकदाही कुणाच्या बाजूने बोलली नाही. प्रत्येकाचा मुद्दा परत वाचून दाखवायची, 'बरोबर लिहिलंय ना?' विचारायची आणि पुढच्याकडे वळायची.

काही आठवड्यांनी मंडळाची सुनावणी झाली. लेक ऑफिसात होती, म्हणून तिच्या वतीने मीच ऐकली. आमच्या त्या पोरीने सांगितलं की सभा झाली, शेजाऱ्यांनी पार्किंग आणि सावलीचे मुद्दे मांडले, आणि महापौर कार्यालय निर्णय मंडळावर सोपवत आहे. बस्. हे शेवटचं वाक्य त्यांच्याकडे इतकं ठरलेलं आहे, की सुनावण्या ऐकणाऱ्या लोकांना पाठ झालंय. मला हसू आलं. तीस वर्षं मी प्रत्येक टिपणीच्या शेवटी 'निर्णयार्थ सादर' लिहिलं, आणि हे इथे येऊन इंग्रजीत ऐकायचं होतं!

'राजकारण अजिबात नाही'

इथे मेसेज साफ खोटा आहे. लिएझन महापौरांच्या कार्यालयाचे असतात, महापौर बदलले की माणसंही बदलू शकतात. या कल्पनेचा उगमच राजकारणातला. 1967 मध्ये केव्हिन व्हाइट महापौर म्हणून निवडून आले आणि 1968 पासून त्यांनी वस्त्यावस्त्यांत 'लिटल सिटी हॉल', म्हणजे महापालिकेची छोटी कार्यालयं, उघडले, काही तर चाकांच्या ट्रेलरमध्ये. ईस्ट बोस्टनमधला त्यातला एक विमानतळाच्या कुशीत होता. धावपट्ट्या वाढवण्यासाठी भरावाचे ट्रक वस्तीतल्या मॅव्हरिक स्ट्रीटवरून धावायचे. 1968 मध्ये तिथल्या आया बाबागाड्या घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या. तिथल्या लिटल सिटी हॉलचा व्यवस्थापक होता फ्रेड सॅल्व्हुची, ज्याच्या आजीचं घर पूर्वी एका हायवेखाली गेलं होतं. हाच पुढे राज्याचा वाहतूकमंत्री झाला आणि बोस्टनचा उंचावरचा रस्ता जमिनीखाली नेणाऱ्या 'बिग डिग'चा जनक मानला गेला. वस्तीतली बोंब वरपर्यंत पोचवायचं काम त्या ट्रेलरने खरंच केलं.

पण त्याच लिटल सिटी हॉलवर पुढे आरोप झाला, की ही व्हाइट यांची निवडणूक-यंत्रणा आहे. आरोप हवेतला नव्हता. रोज लोकांची कामं करणारा माणूस निवडणुकीत काय करेल, हे सांगायला अमेरिकेला कशाला जायला हवं? 1980 च्या सार्वमताने राज्यात मालमत्ता कराला अडीच टक्क्यांची वेसण बसली, तिजोरी आटली आणि 1981 मध्ये हे सगळे दरवाजे बंद झाले. आजचं खातं नंतरचे महापौर रे फ्लिन यांच्या काळातलं.

आता अलीकडचं. याच खात्याचे प्रमुख राहिलेले एन्रिके पेपेन 2023 मध्ये नगरसेवक म्हणून निवडून आले, महापौर मिशेल वू यांच्या पाठिंब्यावर. मला यात पाप दिसत नाही. वस्ती ओळखणाऱ्याने निवडणूक लढवावी, हे चांगलंच. पण 'राजकारण अजिबात नाही' म्हणू नका.

'नगरसेवकाची गरजच नाही'

बोस्टनला नगरसेवक 13 आहेत: 9 प्रभागांचे, 4 सबंध शहराचे. 2020 च्या जनगणनेत शहर पावणेसात लाखांचं, म्हणजे एका प्रभागात साधारण 75 हजार माणसं. मुंबईत 227 नगरसेवक. 2011 च्या लोकसंख्येला भागलं तर एकामागे 55 हजारांच्या आसपास. माणसं कमी पडतात म्हणून आपलं अडत नाही. पुण्यात 2017 ला एकेका प्रभागात चार-चार नगरसेवक दिले, तेव्हा रस्त्याच्या तक्रारीत चौघं कसे एकमेकांकडे बोट दाखवायचे, हे पथ विभागातल्या कुणालाही विचारा. आणि मुंबईत मार्च 2022 नंतर जवळजवळ चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. त्या काळात लोक म्हणत होते का, की बरं झालं, पाया पडायची कटकट गेली?

'आपल्या महापौरांना सुचत नाही'

सुचून उपयोग काय? बोस्टनची पोरगी खात्यात फोन करते तेव्हा समोरचा उचलतो, कारण त्या खात्याच्या प्रमुखाला महापौरांनीच नेमलेलं असतं. आपल्याकडे कार्यकारी अधिकार आयुक्तांचे. मुंबईत 1888 च्या कायद्याने, बाकी महापालिकांत 1949 च्या. आयुक्त राज्य सरकारने पाठवलेले. महापौर अडीच वर्षांचे, तेही आरक्षणाच्या सोडतीतून. ते सभा चालवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात, पत्र लिहितात. माझ्या टेबलावर महापौर कार्यालयाची पत्रं यायची. त्यावर साहेब लिहायचे 'नियमानुसार कार्यवाही करावी', म्हणजे काय ते कार्यालयातल्या शिपायालाही कळायचं.

महापौरांना खरे अधिकार द्यायचा प्रयोग झालाय आपल्याकडे. 1998 मध्ये मुंबई आणि नागपुरात मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे महापौर आणि काही नगरसेवकांचं मंत्रिमंडळासारखं मंडळ चालवायची पद्धत, आणली होती. वर्षभरात ती गुंडाळली. त्यावर फॉरवर्ड कुणी बनवत नाही.

मेव्हण्याला मी एवढंच लिहिलं: तुझ्या गल्लीतल्या मुकादमाचा नंबर तुझ्याकडे आहे का? उत्तर आलं, 'वॉचमनकडे असेल.'