अचूक कोण, हे वेळ ठरवते: खानापूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर मोबाईलचा ठिपका रस्ता सोडून रानात शिरला. पाणबुडी मात्र आकाशाकडे न बघताही वाट चुकत नाही. म्हणजे जडत्वीय दिशादर्शनच, म्हणजे बाहेरचा सिग्नल न घेता स्वतःची हालचाल मोजून जागा काढणंच, जास्त अचूक, आणि मी जीपीएसची उगाच तरफदारी केली.

रस्त्यावरचा अनुभव खराच आहे. जीपीएस उपग्रहांचा सुमारे २०,००० किलोमीटरवरून येणारा सिग्नल मुळातच क्षीण. भिजलेल्या झाडीत तो आणखी क्षीण होतो, कड्यावर आपटून उशिरा पोचतो. सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचा उशीर म्हणजे ३० मीटरचा फरक. पण मोकळ्या माळावर आलात की ठिपका पुन्हा जागेवर येतो. मागची चूक पुढे साठत नाही.

जडत्वीय यंत्रणेत ती साठते, आणि माझा सगळा मुद्दा हाच आहे. यंत्र मोजतं फक्त त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते. त्याची बेरीज करून वेग काढायचा, वेगाची बेरीज करून अंतर. त्वरणात ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी कायमची चूक धरा. मोबाईलमधल्या स्वस्त चिपकडून ती सहज होते. १० सेकंदांत अर्धा मीटर, एका मिनिटात १८ मीटर, १० मिनिटांत १,८०० मीटर! वेळ दहापट झाली की चूक शंभरपट. जायरोची, म्हणजे वळणं मोजणाऱ्या सेन्सरची, चूक यात धरलेलीच नाही. विमानातली महागडी लेझर जायरोची यंत्रणासुद्धा तासाला साधारण एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर सरकू शकते. पाणबुडीतली याहून खूप सरस असते हे मान्य, पण तिलाही अधूनमधून बाहेरून दुरुस्ती घ्यावीच लागते.

कॅसल रॉकहून कुळ्याकडे उतरणाऱ्या रेल्वेच्या बोगद्यात तुमचं म्हणणं बरोबर ठरेल, कारण तिथे सिग्नलच नाही आणि प्रश्न थोड्याच वेळाचा आहे. निपाणीपर्यंतच्या महामार्गावर मात्र उपग्रहच. विमानं म्हणूनच दोन्ही एकत्र वापरतात. कोणावर किती भरवसा ठेवायचा याचं गणित रुडॉल्फ काल्मन या अभियंत्याने १९६० साली मांडलं.

बांधाच्या वादात मात्र मोबाईलचा ठिपका कुणीही पुरावा म्हणून पुढे करू नका. मोकळ्या आकाशाखालीही तो पाचेक मीटर चुकतो, आणि आपल्याकडे हातभर बांधावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. तिथे आरटीके यंत्राने, म्हणजे जवळच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेणाऱ्या उपग्रह-यंत्राने, सेंटीमीटरमध्ये मोजणी हवी.

पटत नसेल तर मोबाईल टेबलावर स्थिर ठेवा आणि सेन्सर दाखवणाऱ्या ॲपमध्ये गुरुत्वाकर्षण वगळून उरलेलं त्वरण बघा. ते नेमकं शून्य दिसणार नाही. त्या आकड्याच्या निम्म्याला सेकंदांच्या वर्गाने गुणा, आणि तासाभरात तुमचं टेबल कुठे पोचतं ते इथे लिहा.