‘स्कॅन करा आणि रद्दीत द्या’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: नाट्यसंस्थांच्या दप्तराबद्दलच्या (जुने कागद, फोटो, टेप यांच्या संग्रहाबद्दलच्या) माझ्या लेखात निम्मी जागा खोक्यांच्या याद्या, फोल्डर आणि कागदांचा मूळ क्रम यांनी खाल्ली. तेवढ्या वेळात सगळं फोनने स्कॅन होऊन कागद रद्दीत गेले असते. आणि प्रयोगाचं चित्रीकरण हाताशी असताना उरलेल्या कागदांचं काय लोणचं घालायचंय?

चित्रीकरणाची घाई करा, हे म्हणणं शंभर टक्के मान्य. पण ते हाताशी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कारण दप्तरात सगळ्यात आधी मरते ती व्हिडिओ टेप. चुंबकीय कणांना धरून ठेवणारा थर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशी टेप ‘चालते का बघू’ म्हणून यंत्रात घातली, तर तो थर खरवडून हेडवर (यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या भागावर) बसतो आणि चित्र त्याच्याबरोबर जातं. अशा काही टेप सुमारे ५० अंशांच्या नियंत्रित उष्णतेत ठेवून तात्पुरत्या चालवता येतात, पण ते जाणकाराचं काम. घरचा ओव्हन नको. शिवाय टेप शाबूत असली तरी यू-मॅटिकचं (जुन्या व्हिडिओ कॅसेटचा एक प्रकार) चालू यंत्र आणि त्याचे सुटे भाग मिळणं अवघड होत चाललंय.

म्हणून आधी टेप. मग व्हिनेगरसारखा वास मारणारी ॲसिटेट (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिक फिल्मवरची) निगेटिव्ह. ती लगेच वेगळी काढा, तिच्यातून सुटणारी आम्लाची वाफ शेजारच्या फिल्मलाही बिघडवते. त्यानंतर थर्मल कागदावरचे फॅक्स आणि तिकिटं, कारण तो मजकूर उजेडाने आणि उष्णतेने उडतो. साधा, बरा कागद थांबू शकतो.

आता कागद कशाला, हा प्रश्न. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी १९७० पासून आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १९९२ पासून प्रयोगांची चित्रीकरणं जमवतंय. पण तेवढ्यावरून दोघांनीही संहिता आणि नेपथ्याचे आराखडे टाकून दिलेले नाहीत. कॅमेऱ्यात एका रात्रीचा प्रयोग सापडतो. वाक्य कधी कापलं, दिव्याचा क्यू (बदलाचा इशारा) दोन ओळी अलीकडे का आणला, हे प्रॉम्प्ट-बुकात, म्हणजे प्रयोग चालवताना वापरलेल्या खुणांच्या संहितेत असतं. आणि नेमकं तेच फोनच्या स्कॅनमधून निसटतं. समजा, क्यू ४२ खोडरबराने पुसून खाली ४२-अ लिहिलाय. पुसलेल्या पेन्सिलीचा दाब फक्त बाजूने तिरपा उजेड टाकला तरच दिसतो. फ्लॅशने तो सपाट होतो. संवादावर नव्या मजकुराची पट्टी डकवलेली असेल तर एक प्रतिमा पट्टी खाली ठेवून आणि दुसरी पट्टी अलगद उचलून घ्यावी लागते. पट्टी पुरती चिकटली असेल तर ओढू नका, तशीच राहू द्या.

मूळ क्रमाचा आग्रहही उगाच नाही. हस्तपत्रिकेत एक सुटी चिठ्ठी असते: ‘आजच्या प्रयोगात ही भूमिका अमुक करतील’. त्या रात्री कोण उभं होतं याचा कधीकधी तो एकमेव पुरावा. स्कॅन करणारा चिठ्ठ्यांचा वेगळा गठ्ठा करतो आणि तो पुरावा संपतो. म्हणून काहीही वेगळं करण्याआधी मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात क्रमांक टाका आणि यादीत ‘५ व ६ पानांमध्ये’ अशी नोंद करा. हस्तपत्रिकांवर बहुधा वर्ष नसतं, पण वार आणि तारीख असते. ‘शनिवार, १४ मार्च’ हा योग १९८० ते २००० या काळात फक्त १९८१, १९८७, १९९२ आणि १९९८ साली आला. त्याच खोक्यातली हिशेबवही १९८६ ते १९८९ ची असेल तर वर्ष मिळालं. खोकी विसकटली की ही वाट बंद.

स्कॅनिंगला माझा विरोध नाही, ते फुकटात टिकतं या समजुतीला आहे. ए-४ आकाराचं एक रंगीत पान ४०० पीपीआयला (इंचाला ४०० बिंदू), दाबून लहान न केलेल्या टिफ फाइलमध्ये सुमारे ४६ एमबी होतं. दहा हजार पानं म्हणजे ४६० जीबीच्या आसपास, तीन प्रती ठेवल्या की जवळपास १.४ टीबी. त्या फाइली बिघडल्या नाहीत ना हे चेकसमने (फाइलवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने) तपासत राहावं लागतं, काही वर्षांनी डिस्क बदलावी लागते. कपाटातला कागद एवढे लाड मागत नाही. फोनचे फोटो यादीसोबत ओळखीसाठी जरूर लावा.

ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या कागदाच्या) फोल्डरच्या खर्चाबद्दलची तुमची कुरकुर रास्त आहे. फोल्डर घेण्याआधी गंजलेल्या टाचण्या, रबर बँड आणि पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटं काढा. त्याने बरंच नुकसान थांबतं. निळ्या ब्लूप्रिंटला (निळ्या कागदावरच्या जुन्या आराखड्याला) तर अल्कधर्मी पूरक (आम्ल मारणारा पदार्थ) घातलेला संरक्षक कागद उलट बाधतो, तिचा निळा रंग उडतो. तिथे पूरक नसलेला कागदच हवा.

आणि हो, रद्दीत जाण्याजोगं पुष्कळ असतं. एकाच हस्तपत्रिकेच्या दोनशे प्रती ठेवायची गरज नाही, तीन पुरेत. मात्र उरलेल्या १९७ टाकण्याआधी प्रत्येक उघडून बघा: मागे कुणी त्या दिवसाचा गल्ला लिहून ठेवलेला असतो, नाहीतर आत बदली नटाची चिठ्ठी असते.