लाटा मोजणाऱ्यांनो, जरा जेवून घ्या

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. सुट्टीचा दिवस, सकाळची वेळ, वारा पडलेला, समुद्र कसला भारी, आणि सर्फिंग करायला पाण्यात उतरलो तर माझ्या शेजारी एक गृहस्थ सारखे मनगटावरचं घड्याळ बघतायत. लाटा किती झाल्या, स्पीड किती, कॅलरी किती जळल्या. अहो, अप्रेझल आहे का तुमचं?

सर्फिंगमध्ये बोर्डवर उभं राहायला मिळतं किती वेळ, काही सेकंद! बाकी वेळ हात मारत पुढे जा, नाकात खारं पाणी घ्या, नाहीतर बोर्डवर पाय सोडून सेट, म्हणजे मोठ्या लाटांची रांग, यायची वाट बघत बसा. त्यातच मजा आहे ना पण. कुठेतरी लांब समुद्रात वादळ होतं, तिथल्या वाऱ्याने उठलेली लाट शेकडो मैल येते, ती काय तुमचं टाइमटेबल बघून येणारे? २०२४च्या ऑलिंपिकमध्ये पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर तेआहुपो गावच्या समुद्राने साथ दिली नाही म्हणून सर्फिंगच्या फेऱ्या पुढे ढकलल्या, जगातले एक नंबर सर्फर गपचूप थांबले. आणि ह्यांना नाश्त्याच्या आत टार्गेट गाठायचंय.

बरं, करा घाई, तुमची सुट्टी. पण त्या घाईत ह्यांनी तिथल्याच एका पोराच्या लाटेत बोर्ड घुसवला. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची, हे अगदी सुरुवातीलाच शिकवतात. पोरगं बिचारं धडपडलं, बोर्ड डोक्यात बसला असता तर? साधं सॉरी नाही!! तेव्हा जो संताप आला ना.

दुपारी वारा फिरला. ऊन चढलं, जमीन तापली की वारा समुद्राकडून यायला लागतो आणि लाटा पार विस्कटतात, म्हणजे बाहेर या आणि जेवा, सरळ आहे. आम्ही सगळे ओलेच वाळूत बसलो, समोर एक मावशी सकाळी होडीतून उतरलेली मासळी भाजत होत्या, भूक अशी की थांबवत नव्हतं, आणि घड्याळवाले साहेब बॅगेतून प्रोटीन बार काढून चघळतायत! वर मावशींना ऐकू जाईल असं विचारतायत, "हे हायजिनिक असतं का?" अहो तुमच्या डोळ्यांसमोर विस्तवावर आहे की ते.

ठीक आहे, कुणाला माशांची ॲलर्जी असते, कुणाचं पोट नाजूक असतं, मान्य. मग "नको" म्हणा आणि विषय संपवा.

मावशी काही बोलल्या नाहीत. आणि ते पोरगं, ज्याची लाट ह्यांनी खाल्ली तेच, संध्याकाळी साहेब परत पाण्यात निघाले तर धावत जाऊन सांगतंय, काका तिकडे नको, तिकडे ओढ आहे. लाटा फुटत नव्हत्या, पाणी शांत दिसत होतं म्हणून हे तिकडेच चालले होते, आणि बऱ्याचदा नेमकं तिथूनच पाणी आत खेचतं. खरं सांगतो, माझा राग तिथेच निम्मा उतरला. मी असतो त्या पोराच्या जागी तर एवढा चांगला वागलो असतो का, शंकाच आहे. साहेबपण जरा वरमले, थँक्यू म्हणाले एकदाचे. मग लगेच घड्याळ चालू केलं, जाऊ दे.

बाकी मासळी अप्रतिम होती, मी दोनदा मागून घेतली. कॅलरी किती ते कमेंटमध्ये सांगायला येऊ नका, ब्लॉक करेन.