शिसं गेलं म्हणून ॲम्बॅसिडर मरत नाही

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरून येतो. सारांश असा: 'पद्मिनी, ॲम्बॅसिडर, हेराल्ड या गाड्या शिशाच्या पेट्रोलसाठी बनल्या होत्या. शिसं इंजिनाच्या रक्षणासाठीच घालत. आजच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर सगळ्या जुन्या इंजिनांचे वॉल्व्ह जळतात. गाडी वाचवायची तर प्रत्येक टाकीला टू-टी ऑइल घाला, टाकीत शिशाच्या गोळ्या टाका, शंभर ऑक्टेनचंच पेट्रोल भरा, ओळख असेल तर विमानाचं पेट्रोल मिळवा.' खाली चार जोडलेले हात आणि 'सर्व क्लासिकप्रेमींपर्यंत पोहोचवा'.

यात एक दाणा खरा आहे, म्हणूनच मेसेज टिकून आहे. पण त्याभोवती भुसाच जास्त.

'शिसं इंजिनाच्या रक्षणासाठी घालत.' नाही. १९२१ साली जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा गुण सापडला तो नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक, थांबवण्याच्या खटपटीत. १९२३ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या डेटनला ते पेट्रोल पंपावर आलं. ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉकिंगला दाद न देण्याची ताकद, वाढवण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय होता, एवढंच. वॉल्व्हच्या सीटना, म्हणजे वॉल्व्ह मिटताना ज्यावर टेकतो त्या कडांना, त्याचा फायदा होतो हे आपसूक मिळालेलं दान. त्याआधीच्या गाड्यांनी शिसं पाहिलंच नव्हतं. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून धावत होती. शिवाय शिशाची राख सिलिंडरमध्ये साठू नये म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीन आणि क्लोरीनची संयुगं मिसळावी लागत. त्यातून तयार होणारी आम्लं सायलेन्सर आतून खात. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं हा त्या काळच्या ड्रायव्हरचा नित्यनेम होता. आज तेच प्लग किती टिकतात ते पाहा. माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूवर शिशाने जे केलं, त्याची तर या मेसेजवाल्यांना आठवणही होत नाही.

आता 'सगळ्या जुन्या इंजिनांचे वॉल्व्ह जळतात' हा मुख्य दावा. खरा दाणा इथे आहे, त्यामुळे जरा थांबू.

जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट वॉल्व्ह लालबुंद तापलेला असतो आणि मिनिटाला हजारदा-दोन हजारदा सीटवर आपटतो. सीट साध्या बिडाची असेल, तर त्या उष्णतेत वॉल्व्ह आणि सीट यांचे सूक्ष्म ठिपके क्षणभर एकमेकांना चिकटतात आणि वॉल्व्ह उचलला की तुटतात. तुटलेले लोखंडी कण वॉल्व्हच्या तोंडाला बसतात आणि पुढे तेच सीटला घासत राहतात. शिसं जळून होणारा पातळ थर मध्ये असला की हे चिकटणं होत नाही. थर गेला की सीट हळूहळू हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, खोल जाते. हे खरं आहे, ब्रिटन-अमेरिकेत त्याच्या भरपूर चाचण्या झाल्या आहेत.

पण अट पाहा: सीट साध्या बिडाची हवी. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं. गाडी तापली की हेड वाकतं, गॅस्केट जातं, हे पद्मिनी वापरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ॲल्युमिनियमवर वॉल्व्ह थेट बसवताच येत नाही, म्हणून त्यात कारखान्यातूनच वेगळ्या कडक धातूच्या सीट ठोकलेल्या असतात. मारुती ८०० चंही तेच. म्हणजे मेसेजच्या यादीतलं पहिलंच नाव बाद. पुरावा हवा असेल तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या आठवा. यातल्या कितीतरी पद्मिनी सीएनजीवर गेल्या. सीएनजी हे सीटच्या दृष्टीने पेट्रोलहून कडक इंधन. त्यात शिसं नाही आणि पेट्रोलचा ओलावाही नाही. तरी त्या टॅक्सी दिवसरात्र धावल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची रस्त्यावरून गेली ती वयाची मर्यादा भरली म्हणून.

उरल्या बिडाच्या हेडच्या गाड्या. जुनी १४८९ सीसीची ॲम्बॅसिडर आणि स्टँडर्ड हेराल्ड यांत येतात. इथे दुसरी अट लागू होते: सीट झिजते ती सलग चढ्या आरपीएमवर, भार असताना. ब्रिटनमध्ये तक्रारी आल्या त्या मोटरवेवर तासन्‌तास पळणाऱ्या गाड्यांच्या. रविवारी सकाळी पुण्यातून सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन येणाऱ्या ॲम्बॅसिडरला तो ताण कधी येतच नाही. हां, समृद्धीवरून नागपूर ते शिर्डी नव्वद-शंभरने दामटायची असेल तर गोष्ट वेगळी. तसा विचार असेल, तर पुढच्या वेळी हेड उतरेल तेव्हा लेथवाल्याकडून एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. एकदाचं काम, पुन्हा त्याचं नाव काढायला नको. तोवर पोटॅशियमवर आधारलेलं ॲडिटिव्ह चालतं. ब्रिटनमधल्या ऐतिहासिक वाहनांच्या महासंघाने अशी ॲडिटिव्ह इंजिनावर तपासून घेतली होती.

आणि सीट खरंच झिजते आहे का, हे ओळखायला मेसेज लागत नाही, फीलर गेज लागतं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा. ॲम्बॅसिडरचं टॅपेट, म्हणजे वॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, पंधरा थाउला (इंचाचे पंधरा हजारांश) लावतात. साधारण झिजेने ही फट वाढते आणि टॅपेट टकटक वाजू लागतं. सीट खोल गेली की वॉल्व्हची दांडी वर सरकते आणि फट कमी होते. म्हणजे आवाज वाढला तर घाबरायचं कारण नाही. न लावता आवाज आपोआप कमी झाला, तर मात्र कव्हर उघडून बघा. पंधराचं पान आत जाईना, बाराचंही अडकतंय, असं एखाद्या एक्झॉस्टवर पुन्हा पुन्हा होत असेल तर सीट चालली आहे. वेळेवर फट लावली नाही तर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, तापलेला वायू फटीतून निसटतो आणि मग वॉल्व्ह जळतो. दर सर्व्हिसला आकडे वहीत लिहून ठेवले की वर्षभरात चित्र स्पष्ट.

हेही लक्षात घ्या की चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल १९९५ च्या एप्रिलमध्ये आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. मरायचीच असती तर ही इंजिनं एव्हाना मेली असती.

उपायांबद्दल थोडक्यात. टू-टी ऑइल हे टू-स्ट्रोकच्या क्रँककेसच्या वंगणासाठी असतं. एक्झॉस्ट सीटपर्यंत पोहोचण्याआधी ते जळून जातं, मागे प्लगवर काजळी ठेवतं आणि ऑक्टेन उलट खाली आणतं. शिशाच्या गोळ्या टाकीच्या तळाशी पडून राहतात. धातूचं शिसं पेट्रोलमध्ये विरघळत नाही. शंभर ऑक्टेनचा उपयोग जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला. आपल्या जुन्या गाड्यांचं कॉम्प्रेशन सात-आठच्या घरात, आणि शिशाच्या जमान्यात त्या ८७ ऑक्टेनवर सुखाने चालत होत्या. आज साधं पेट्रोलही किमान ९१ चं असतं.

विमानाच्या पेट्रोलचा सल्ला मात्र सरळ धोक्याचा. विमानतळावर जे बहुतेक भरलं जातं ते जेटचं इंधन, म्हणजे रॉकेलचा भाऊ. कार्बोरेटरच्या गाडीत ते घातलंत तर टो करून आणावी लागेल. पिस्टन इंजिनांच्या छोट्या विमानांचं शिसेयुक्त पेट्रोल वेगळं. ते इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवतं आणि २०२३ च्या जानेवारीत न्हावाशेव्याच्या बंदरातून पापुआ न्यू गिनीला त्याची पहिली निर्यातही झाली. पण ते रस्त्यावरच्या गाड्यांसाठी नाही.

या सगळ्या गोंधळात मेसेज ज्याचा उल्लेखही करत नाही ती गोष्ट म्हणजे इथेनॉल. २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता तेच सर्रास मिळतं. जुन्या गाडीला खरा त्रास याचा. जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात, एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा, डायफ्रॅम (रबरी पडदा) जातो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते आणि वर्षानुवर्षांचा सुटलेला गाळ कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, येऊन बसतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्याच जेटवर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरा पडतो, इंजिन गरम चालतं. अशा इंजिनाचा वॉल्व्ह जळाला की पावती फाटते शिशाच्या नावाने.

तेव्हा ॲडिटिव्हच्या बाटलीआधी पाइप बदला, विटॉनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) घ्या, इंजिनाजवळचा पाइप आधी, कारण तो फुटला तर पेट्रोल थेट गरम एक्झॉस्टवर पडतं. पंपाला नवा डायफ्रॅम, टाकीनंतर एक काचेचा फिल्टर, मेन जेट एखादा नंबर मोठा. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून प्लग काढा. चहाच्या रंगाचा दिसला की जेट बरोबर. पांढराच राहिला तर आणखी एक नंबर वर जा.