एकच पुस्तक चोरू नका

समजा, एका मराठी कादंबरीची पीडीएफ तुम्ही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलीत. वर ‘इच्छुकांनी लाभ घ्यावा’ असंही लिहिलंत. तासाभरात प्रकाशकाचा मेसेज आला, की हा गुन्हा आहे. खरंच आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून केलेल्या अशा उद्योगाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. तुम्ही घाबरलात, पीडीएफ डिलीट केलीत, वर हात जोडल्याची इमोजीही टाकलीत. तुमच्यातला उद्योजक तिथेच संपला.

तुमचं चुकलं ते फक्त आकड्यात. एकच पुस्तक कुणी घेतं का? घ्यायचीच तर ७० लाख घ्यायची.

हा आकडा हवेतला नाही. ‘क्लॉड’ हा चॅटबॉट बनवणाऱ्या अँथ्रोपिक कंपनीने पायरेटेड ग्रंथसंग्रहांतून ७० लाखांहून अधिक प्रती उतरवून घेतल्या, असं सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयाने जून २०२५च्या आदेशात नोंदवलं आहे. तो आदेश मुमुक्षूंनी जरूर अभ्यासावा. न्यायाधीश विल्यम अलसप यांनी त्यात बारीक भेद केलाय: पुस्तकं एआयच्या यंत्राला वाचायला देऊन त्याला शहाणं करणं हा वाजवी वापर, म्हणजे लेखकाची परवानगी लागत नाही; चोरीच्या प्रतींचं कपाट कायमचं भरून ठेवणं मात्र वाजवी नाही. थोडक्यात, तुम्ही कादंबरी नुसती ग्रुपवर टाकलीत हे वाईट झालं. ती एखाद्या यंत्राला वाचून दाखवली असतीत तर निदान युक्तिवादाला जागा होती.

सोवळ्यानेच जायचं असेल तर तोही मार्ग आहे. छापील पुस्तकं रीतसर विकत घ्या, बांधणी कापून काढा, पानं सुटी करा, स्कॅन करा आणि कागद टाकून द्या. त्याच कंपनीने पुढे लाखो पुस्तकांचं हे केलं आणि न्यायालयाला त्यात वावगं दिसलं नाही. प्रती बऱ्याचदा वापरलेल्या होत्या, म्हणजे लेखकाला त्या एका प्रतीची रॉयल्टीसुद्धा नाही. आपल्याकडे रद्दीवाला निदान किलोचा भाव तरी सांगतो.

पैशांची काळजी करू नका. सप्टेंबर २०२५मध्ये त्या चोरीच्या कपाटाची तडजोड किमान दीड अब्ज डॉलरवर ठरली, म्हणजे सुमारे १३ हजार कोटी रुपये. छातीत धस्स झालं ना? आता पुढचं ऐका. त्याच आठवड्यात कंपनीने गुंतवणूकदारांकडून १३ अब्ज डॉलर उभे केल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी पुस्तकं, मग भांडवल, मग पश्चात्ताप. क्रम उलटा केलात तर हाती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच उरतो.

कार्यालयीन शिस्तीबद्दल दोन शब्द. यंत्र शिकवायला अशीच पायरेटेड पुस्तकं गोळा करणाऱ्या, फेसबुकवाल्या मेटा कंपनीतल्या एका अभियंत्याने सहकाऱ्यांना लिहून टाकलं होतं, की ऑफिसच्या लॅपटॉपवरून टॉरेंट उतरवणं बरं वाटत नाही. पुढे हा निरोप न्यायालयात कागदोपत्री आला. सदसद्विवेकबुद्धी असायला हरकत नाही, ती टाइप करू नये इतकंच. तशी मेटाची फारशी हानी झाली नाही. अलसप यांच्या आदेशानंतर दोनच दिवसांनी, त्याच न्यायालयातल्या दुसऱ्या न्यायाधीशांनी, विन्स छाब्रिया यांनी, यंत्राच्या शिक्षणाच्या मुद्द्यावर मेटाच्या बाजूने निकाल दिला. कारण काय, तर वादी लेखकांनी चुकीचे युक्तिवाद केले आणि योग्य युक्तिवादाला पुरावा दिला नाही. कॉपीराइट असलेली पुस्तकं परवानगीशिवाय वापरणं बऱ्याच प्रसंगी बेकायदाच ठरेल, असंही त्यांनी त्याच निकालात लिहिलं. ते तुम्ही वाचू नका.

‘परवानगी का घेतली नाही?’ असं कुणी विचारलंच तर खाली मान घालायची नाही. ‘चॅटजीपीटी’च्या ओपनएआय कंपनीने ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीला लेखी कळवलं, की कॉपीराइट असलेलं साहित्य न वापरता आजची आघाडीची मॉडेलं, म्हणजे हीच यंत्रं, घडवणं अशक्य आहे. किती प्रांजळ! तुम्हीही कोल्हापुरात मिसळीचं हॉटेल काढा आणि मटकी, फरसाण, कांदा विकत घ्यावा लागला तर आजच्या दर्जाची मिसळ बनवणं अशक्य आहे, असं बाजार समितीला पत्र लिहा. बाजार समिती काय करेल ते मला ठाऊक आहे. पण तुमच्या मिसळीची किंमत काहीशे अब्ज डॉलर असती तर तीच समिती अहवाल मागवून विचार करती झाली असती.

मात्र घेतलेलं आपलं झालं, की त्यावर तत्काळ पाटी लावा. ओपनएआयच्या अटींमध्ये, आमच्या यंत्राची उत्तरं वापरून प्रतिस्पर्धी यंत्र घडवायचं नाही, असं बजावलेलं आहे. जानेवारी २०२५मध्ये चीनच्या डीपसीकने स्वस्तातलं यंत्र बाजारात आणून खळबळ उडवली. तेव्हा त्यांनी आमच्या मॉडेलमधूनच ज्ञान शोषून घेतल्याच्या खुणा आहेत, असं ओपनएआयने व्यथित होऊन सांगितलं. त्या आठवड्यात जगभरच्या लेखक-चित्रकारांना जितकं हसू आलं असेल तितकं अलीकडे विनोदी साहित्यानेही आलं नसेल. तुम्ही हसू नका. चोराच्या उलट्या बोंबा हा तुमच्या व्यवसाय आराखड्याचा भाग आहे, आणि बोंब ठोकायला चांगला वकील लागतो.

सावज निवडताना तारतम्य बाळगा. आवाजाच्या बाबतीत तर फारच. अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये अटकाव केला. २०२५मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिलं, आणि एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचा आवाज तिच्या संमतीविना यंत्राने निर्माण करणं हा तिच्या हक्काचा भंग आहे, असं मानलं. यातून घ्यायचा बोध सरळ आहे. ज्याला उच्च न्यायालयाची पायरी चढणं परवडतं त्याच्या वाटेला जायचं नाही. अंधेरीतल्या स्टुडिओत एपिसोडमागे पैसे घेणारा डबिंग कलाकार घ्या, जत्रेत गाणाऱ्या शाहिराची यूट्यूबवरची ध्वनिफीत घ्या, ऑडिओबुकं वाचून देणारी ठाण्यातली ताई घ्या. त्यांचा गळा तितकाच खरा असतो आणि वकील नसतो.

भारतात खटला झालाच तर? दिल्ली उच्च न्यायालयात एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४मध्ये ओपनएआयला खेचलं. त्यावर कंपनीचा एक मुद्दा असा, की आमचे सर्व्हर भारताबाहेर आहेत, सबब हे या न्यायालयाच्या अधिकारात येत नाही. तुमचं चोरीचं कपाट सदाशिव पेठेत असेल तर आजच हलवा. बातम्या इथल्या, वार्ताहर इथले, वाचणारेही इथलेच. फक्त कपाट परदेशात असलं म्हणजे झालं.

सरकारही तुमच्या मदतीला येण्याच्या बेतात आहे. डिसेंबर २०२५मध्ये केंद्राच्या समितीने एक मसुदा मांडला. यंत्र शिकवणाऱ्यांना सगळ्यांच्या साहित्याचा सरसकट परवाना मिळावा, यंत्रातून कमाई सुरू झाली की त्यातून रॉयल्टी द्यावी, आणि लेखकाला मात्र ‘माझं वापरू नका’ म्हणण्याची सोय नसावी. फुकट नेण्यापेक्षा हे बरं, हे मलाही मान्य आहे. पण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवताना निदान हलवाई घरात आहे का ते तरी बघावं.

आणि तुम्ही स्वतःच मराठी लेखक असाल तर? मग अँथ्रोपिकच्या तडजोडीतल्या पुस्तकामागच्या सुमारे ३ हजार डॉलरवर नजर ठेवून बसू नका. अडीच लाख रुपये म्हटल्यावर आपलं पुस्तक पळवलं गेलं असावं अशी प्रार्थना करणारेही निघतील. मराठीत तेवढी रॉयल्टी साधायला काहींना जन्म पुरत नाही. पण पैसे मिळणार ते अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात ठरावीक मुदतीत नोंद झालेल्या पुस्तकांनाच. ७० लाख प्रतींतून गाळून गाळून वाटपाच्या यादीत सुमारे ४ लाख ८२ हजार पुस्तकं राहिली. पुनरावृत्त्या गेल्या, आणि तिकडे नोंद नसलेलीही गेली. तुमच्या प्रकाशकाने आयएसबीएन क्रमांक घेतला होता हेच नशीब समजा; वॉशिंग्टनला अर्ज धाडायला त्याला वेळ कुठून मिळणार?

तेव्हा यादीत नाव शोधण्याचा खटाटोप सोडा आणि सरळ यंत्रालाच तुमच्या कादंबरीचा सारांश विचारा. ते सांगेल. लेखक म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव घेईल, पण इतक्या अदबीने, की चूक दाखवायला तुम्हालाच संकोच वाटेल. तुम्ही ती दाखवलीत तर ते मनापासून माफी मागेल, आणि पुढच्याला पुन्हा तेच नाव सांगेल.