दोनशे मीटरचा डोंगर आणि एक बाटली

"हे एवढंसं टेकाड? चपला घालूनही चढू!" असं म्हणणारा मीच होतो. त्यामुळे खाली कुठे टोमणा वाटलाच, तर तो आधी मला आहे.

वाळवंटातला डोंगर. पायथ्यापासून माथा जेमतेम 200 मीटर, वरचा दगडन् दगड खालून मोजता यावा. फसगत तिथेच होते. हवेत बाष्प नाही, धुरकं नाही, अंतराचा अंदाज यायला मध्ये एक झाड नाही. हाताशी वाटणारी सोंड गाठायलाच पाऊण तास गेला.

"घामसुद्धा येत नाहीये बघ," मित्र खुशीत. येत होता की! कोरडी हवा तो कातडीवरून परस्पर पळवत होती. टोपी काढली तर कडेला मिठाची पांढरी रेघ. आणि वर गेल्यावर गार वाटेल म्हणावं, तर कोरडी हवा 1000 मीटरला साधारण 10 अंशांनी थंड होते. आमच्या वाट्याला आले फार तर 2.

माथ्याजवळचे दगड जळल्यासारखे काळे. एक फुटका उचलला, तर आतून फिकट गुलाबी. ते काळं म्हणजे माती, लोह आणि मँगनीज यांचा केसाहून पातळ थर, जमायला हजारो वर्षं घेणारा. शेजारच्याच दगडावर कुणीतरी बदाम कोरून ठेवला होता, बाणासकट! (प्रेम टिकलं असेल अशी आशा.) मोठ्या डोंगरावर माणूस जरा दबून वागतो. छोट्याशी सलगी करतो, मग ती खिळ्याने असो नाहीतर रिकाम्या हाताने चढून.

कारण दोघांत मिळून आमच्याकडे पाणी होतं एक लिटर. माथ्याच्या आधीच निम्मं संपलं. माझं मत आता पक्कं आहे: निम्मं पाणी संपलं की फिरायचं, माथा 20 पावलांवर असला तरी. तेव्हा अर्थातच फिरलो नाही. उतरताना ऊन चढलेलं, पायाखाली सुटी खडी. एकदा घसरलो आणि आधाराला नेमकं काटेरी झुडूप धरलं. बाटलीतला शेवटचा घोट "तू घे, तू घे" करत दोघांनी उगाच अर्धा तास जपला.

गाडीतलं पाणी चहाइतकं गरम होतं. तेच घटाघटा प्यायलो. डोंगराचा फोटो आहे, पण त्यात तो इतका बुटका दिसतो की टाकायची लाज वाटते.